इंजिनाचा धूर आणि शेतमजुरांची सुरक्षितता: विहीर, मळणी व शेडमधील काळजी

नांदगाव तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढणे, विहीर खोल करणे ही कामे निघतात, तर खरिपानंतर मक्याची मळणी सुरू होते. या कामांत मजुरांच्या अगदी जवळ डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन चालू असते. विमानतळावरचे कर्मचारी असोत की शेतातील मजूर, इंजिनाच्या धुरापासून बचावाचा क्रम एकच आहे: आधी इंजिन दूर ठेवा, मग हवा खेळती करा आणि मास्कचा विचार शेवटी करा.

धुरात काय असते?

- कार्बन मोनॉक्साइड: या वायूला रंग नाही, वासही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. पेट्रोल इंजिनाच्या धुरात याचे प्रमाण डिझेलपेक्षा बरेच जास्त असते.
- काजळीचे सूक्ष्म कण व नायट्रोजनचे ऑक्साइड: यांमुळे डोळे चुरचुरतात, खोकला येतो, दमा बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे.

काळा धूर दिसत नाही, म्हणजे हवा चांगली आहे असे समजू नका.

विहीर: सर्वांत मोठा धोका

जमिनीवर ठेवलेला पंप साधारण ७ मीटरपेक्षा खोलवरचे पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाणी खाली गेले की काही जण इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. विहीर वरून उघडी असली तरी वारा तळापर्यंत पोहोचत नाही. धूर आतच साठतो आणि काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो.

- इंजिन विहिरीत कधीही उतरवू नका. धुराच्या नळीला पाइप जोडून तो वर काढला तरी सांध्यांतून वायू गळतो.
- पाणी उपसण्यासाठी विजेचा पाणबुडी पंप वापरा. वीज नसेल तर जनरेटर वरच, विहिरीपासून लांब ठेवा. गळती संरक्षक स्विच बसवा आणि पंप चालू असताना कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.
- ट्रॅक्टर कंप्रेसर किंवा यारीचे इंजिन विहिरीच्या काठाला लावू नका. धूर विहिरीच्या तोंडाकडे जाणार नाही अशी दिशा ठेवा. वारा फिरला तर काम थांबवा.
- सुरुंग उडवल्यावरही विषारी वायू तळाशी राहतात. ब्लोअरने बाहेरची स्वच्छ हवा तळापर्यंत सोडल्याशिवाय उतरू नका.

कंदील सोडून पाहणे पुरेसे नाही. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. मात्र कार्बन मोनॉक्साइड ०.१ टक्का इतका असला तरी जिवावर बेतू शकते आणि तेव्हाही कंदील व्यवस्थित जळत राहतो. खात्री फक्त वायुमापक यंत्राने होते. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी किंवा कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमपेक्षा जास्त दिसल्यास उतरू नये.

उतरणाऱ्याच्या अंगावर छाती-खांद्याचा पट्टा व दोर असावा. वर किमान दोन माणसे पूर्ण वेळ हजर असावीत.

मक्याची मळणी

- यंत्र लावण्यापूर्वी मूठभर भुसा उधळून वाऱ्याची दिशा पाहा. धूर व भुसा दोन्ही मजुरांपासून दूर जातील असे यंत्र उभे करा.
- कणसे टाकणाऱ्या मजुरांची जागा दर तासाला बदला.
- एअर फिल्टर वेळेवर साफ करा. सतत काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे.
- एन-९५ मास्क धूळ व काजळी अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. रुमालाने तर दोन्हींपासून पुरेसा बचाव होत नाही.

शेड व गोदाम

बंद शेडमध्ये जनरेटर, पेट्रोल पंप किंवा ट्रॅक्टर चालू ठेवू नका. एक दार उघडे ठेवणे पुरेसे नाही. गरोदर महिलांना इंजिनाजवळचे काम देऊ नका. या वायूचा गर्भाला अधिक धोका असतो.

लक्षणे व तातडीचे उपाय

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायांतील त्राण जाणे, गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे आहेत. एकाच ठिकाणच्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर ऊन लागले असे गृहीत धरू नका.

१. इंजिन बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा.
२. विहिरीत कोणी कोसळले तर मागोमाग उतरू नका. वाचवायला गेलेलाही त्याच हवेत बेशुद्ध पडतो. दोराने वर ओढा, ब्लोअर चालू असल्यास चालूच ठेवा, ११२ वर मदत मागवा.
३. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असल्यास प्रशिक्षित व्यक्तीने मोकळ्या जागेत कृत्रिम श्वास व छातीवर दाब द्यावा.
४. रुग्णालयात ‘इंजिनाचा धूर लागला’ असे स्पष्ट सांगा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेतही आकडा चांगला दाखवते. रुग्णाला शुद्ध ऑक्सिजनची गरज असते.

कृषी सहायकांसाठी: उन्हाळ्यातील विहिरीची कामे सुरू होण्यापूर्वी गावबैठकीत शेतमालक, यारीवाले व मजूर यांना एकत्र बसवून दोन गोष्टी ठरवून घ्या: इंजिन विहिरीत उतरणार नाही आणि कोसळलेल्या माणसामागे दुसरा माणूस उतरणार नाही.