राजदूतची टाकी आणि वऱ्हाडची पांदण

मोटारसायकलच्या पेट्रोलचा हिशोब दोन तऱ्हांनी मांडता येतो. एक ॲव्हरेजचा: लिटरला किती किलोमीटर. दुसरा पल्ल्याचा: एकदा टाकी फुल केली की पंपावर न जाता किती दूर, किती दिवस. आज शोरूममध्ये पहिलाच हिशोब चालतो. वऱ्हाडात मात्र साठच्या दशकापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं दुसरा हिशोब जास्त मोलाचा होता, कारण पंप तालुक्याला आणि वावर पांदणीच्या टोकाला. हा हिशोब ज्या गाडीनं पुरा केला ती राजदूत १७५. टू-स्ट्रोक इंजिन १७३ सीसीचं, गियर तीन, टाकी सुमारे १३ लिटरची. डांबरी रस्त्यावर लिटरला ३५ ते ४० किलोमीटर धरले, तर भरल्या टाकीत साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. अमरावती-अकोला अंतर शंभराच्या आत-बाहेरचं. दोनदा जाऊन-येऊनही टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल उरावं, इतका हा पल्ला.

ही गाडी मुळात शर्यतीच्या आखाड्यातली किंवा जंगलवाटांसाठी घडवलेली नव्हे. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीनं तिला ते काम लावलं. म्हणून जुन्या टू-स्ट्रोकचा रानवाटेवरचा पल्ला समजून घ्यायचा, तर तिचं कूळ आधी पाहायला हवं.

या इंजिनाचा मूळपुरुष जोसेफ डे. इंग्लंडमधल्या बाथ शहरात त्यानं १८९१ साली आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. पिस्टनच्या खालची पेटी, म्हणजे क्रँककेस, हाच पंप. आणि लवकरच झालेल्या सुधारणेनंतर झडपांचं कामही पिस्टनकडंच आलं. वर जाताना तो खाली मिश्रण ओढून घेतो, खाली येताना तेच मिश्रण सिलिंडरात ढकलतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. या साधेपणाची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. नवं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळका धूर बाहेर जात असतो. दोन्ही दारं एकदम उघडी. मग काही नवं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. फुल थ्रॉटलला हा भुर्दंड पाव हिश्श्याच्याही वर जाऊ शकतो. टू-स्ट्रोक गाडी ‘पिते’ ती मुख्यतः इथं.

ही गळती कमी करण्याचं मोठं काम जर्मनीत झालं. आडॉल्फ श्न्यूर्ले या इंजिनिअरनं आत येणाऱ्या मिश्रणाला असं वळण दिलं, की ते सिलिंडरात वर चढून, वळसा घालून मगच बाहेरच्या दाराशी यावं. त्शोपाऊ गावच्या डीकेडब्ल्यू कंपनीनं १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही रचना मोटारसायकलीत आणली आणि १९३९ साली आरटी १२५ हे मॉडेल काढलं. महायुद्धानंतर हे छोटं इंजिन जगभर उचललं गेलं. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन १२५, जपानची पहिली यामाहा वायए-१, रशिया-पोलंडच्या गाड्या, सगळ्यांनी तिथूनच सुरुवात केली. पोलंडमध्ये कील्त्से शहरात एसएचएल नावानं गाड्या बनत. त्यांनीही युद्धानंतर आरटी १२५ च्या धर्तीवर सुरुवात केली आणि साठच्या दशकात १७५ सीसीची एम-११ बाजारात आणली.

हीच एम-११ भारतात राजदूत झाली. एस्कॉर्ट्स कंपनीनं परवाना घेऊन १९६२ पासून ती इथं बनवायला घेतली. त्याच काळात या कंपनीनं पोलंडच्याच उर्सुसशी करार करून ट्रॅक्टरही आणला होता. शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर आणि मोटारसायकल एकाच घराण्याची येण्याचा तो काळ. त्याआधी १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावानं चेकोस्लोव्हाकियाची २५० सीसी जावा सुरू केली होती. तिचीच पुढं १९७३ पासून येझदी झाली. येझदीला दम जास्त आणि तहानही जास्त. राजदूत संथ, पण स्वस्त आणि सोपी.

बाहेरच्या जगात रानवाटांच्या टू-स्ट्रोकची दुसरी शाखा याच काळात बहरली. चेक सीझेडवर बेल्जियमच्या जोएल रोबेरनं १९६४ साली २५० सीसीचं मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ आली. तिनं रानातली मोटारसायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. तिची टाकी साडेनऊ लिटरची. शर्यतीच्या गाड्यांच्या टाक्या त्याहूनही लहान, कारण त्यांना वजन नको होतं आणि शर्यत संपली की पेट्रोल हाताशी होतं. वऱ्हाडातल्या माणसाला हे परवडणारं नव्हतं. त्याला दुधाचे कॅन, सरकीच्या ढेपेचं पोतं, मागं बसलेला माणूस आणि परतीचं पेट्रोल असं सगळं एका गाडीत हवं होतं.

पेट्रोल पंपावरची रीतही वेगळी. आधी मापानं ऑइल, मग पेट्रोल, मग गाडी दोन्ही हातांनी डावी-उजवीकडं हलवायची, की मिश्रण एकजीव व्हावं. जुन्या इंजिनांना लिटरमागं ४० ते ५० मिली ऑइल लागे. ते कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त झालं तर प्लग काळा, सायलेन्सरमध्ये कार्बनचा थर, आणि तो थर वाढला की ॲव्हरेज आणखी खाली. “गाडी लय पिऊन राह्यली” अशी तक्रार घेऊन माणूस मेकॅनिककडं आला, की पहिला हात प्लगला जाई. प्लगचं टोक चॉकलेटी असलं तर मिश्रण बरोबर. काळं-तेलकट असलं तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढुरकं असलं तर हवा जास्त, म्हणजे इंजिन तापतंय. मग कार्बोरेटरचा जेट फुंकायचा, पॉइंट घासून गॅप लावायची, सायलेन्सरची आतली नळी काढून विस्तवात भाजायची, हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन खरवडायचा. रिंगा गेल्या असतील तर नव्या. बोअर घासला असेल तर बोअर करून मोठा पिस्टन. पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि काचपेपर एवढ्यावर बरंचसं काम भागे. चाळीसचं ॲव्हरेज तिसावर आलेली गाडी या साफसफाईनंतर पुन्हा वाटेवर येई.

टाकीखालचा पितळी कॉक हा या सगळ्या हिशोबाचा मुनीम. आतमध्ये दोन नळ्या: एक उंच, एक आखूड. उंच नळीच्या खाली पेट्रोल गेलं की इंजिन आचके देई. मग चालत्या गाडीवर हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. उरलेल्या लिटर-दीड लिटरवर चाळीसेक किलोमीटर निघत. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर यांपैकी कुठल्याही बाजूच्या वावरातून तालुक्याच्या पंपापर्यंत यायला तेवढं पुरे. त्याहून आत अडकलात, तर गावच्या किराणा दुकानात बाटलीत ठेवलेलं पेट्रोल असे.

आता घाटाकडं वळू. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. मैदान समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा सुमारे १,११८ मीटर. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन साडेसातशे मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा काढली आणि जुन्या टू-स्ट्रोकची कार्यक्षमता पंधरा टक्क्यांच्या आसपास धरली, तर चढाईपोटी जेमतेम चार दशांश लिटर पेट्रोल खर्ची पडतं. म्हणजे नुसती उंची फार खात नाही. खातो तो खालचा गियर, उघडा थ्रॉटल, तापलेलं इंजिन. आणि याच वेळी न जळता निसटणारं पेट्रोल सर्वांत जास्त.

उतारावर धोका वेगळा. मिश्रणावर चालणाऱ्या इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. लांबच्या उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गियरमध्ये सोडली, तर इंजिन जोरात फिरत राहतं आणि वंगण मात्र जवळजवळ थांबतं. म्हणून सेमाडोह-हरिसालकडं जाणारे जाणते चालक उतारावर मधूनमधून थ्रॉटल देत, किंवा क्लच दाबून इंजिन मोकळं सोडत. पेट्रोल वाचवण्याच्या नादात पिस्टन गमावायचा नाही, हे शहाणपण कुठल्या पुस्तिकेपेक्षा घाटानंच जास्त शिकवलं.

घाटापेक्षाही पल्ला तोडणारी जागा म्हणजे पावसाळ्यातली पांदण. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याची माती खोल, काळी, चिकण. पहिल्या दमदार पावसानंतर ती चाकाला धरते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च भरते, आणि काही फुटांत पुढचं चाक फिरेनासं होतं. उतरायचं, काडीनं किंवा सळईनं चिखल उकरायचा, दहा-वीस पावलं जायचं, पुन्हा तेच. कित्येकांनी मडगार्ड वर उचलून घेतले, कित्येकांनी काढूनच टाकले. डांबरी रस्त्यापेक्षा मऊ मातीत चाकाला होणारा विरोध कित्येक पटींनी जास्त असतो. पहिल्या गियरवर, क्लच अर्धा धरून चालणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज मोजण्यात मग अर्थ उरत नाही. रोज जेमतेम तीन-चार किलोमीटरची पांदण, पण महिन्याच्या पेट्रोलवर तिचा डाग उठून दिसे. टू-स्ट्रोक इथं टिकली ती हलकी होती म्हणून, खालच्या वेगातही ओढायची म्हणून, आणि बंद पडली तरी बांधावरच उघडता यायची म्हणून.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत या कुळाला लहान भावंडं झाली. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं ५० सीसीची लुना आणली. शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन यांना ती परवडली. बजाजची एम-५० आणि पुढं १९८६ ची एम-८० दूधवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी उचलली. १९८५ च्या नोव्हेंबरात यामाहा आरएक्स १०० आली. तिच्यात ऑइलची टाकी वेगळी आणि थ्रॉटलप्रमाणं ऑइल सोडणारा पंप. पंपावर मिश्रण हलवण्याचं काम संपलं, उतारावरची काळजीही बरीच कमी झाली.

पण त्याच वर्षी हिरो होंडा सीडी १०० आली होती. फोर-स्ट्रोक, आणि जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटर. चार फेऱ्यांत आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं दार वेगवेगळ्या वेळी उघडतं, त्यामुळं जोसेफ डेच्या इंजिनातली मूळ गळतीच तिथं नव्हती. टाकी लहान असूनही पल्ला राजदूतच्या बरोबरीला येऊ लागला आणि खर्च निम्म्यावर. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसानं निवड केली ती समजून-उमजून. येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्याच वर्षी आरएक्स १०० थांबली, आणि २००० सालच्या धुराच्या कडक निकषांनंतर बाकीच्याही एकेक करून गेल्या.

इंजिनाच्या बाजूनं पाहिलं तर ही सरळ प्रगती आहे आणि ती मान्य करायलाच हवी. टू-स्ट्रोकच्या निळ्या धुरात न जळलेलं पेट्रोल होतं, ते आपल्याच फुप्फुसांत जात होतं. पण या सगळ्या कुळाचा मागोवा घेतल्यावर मला एक गोष्ट ठाम म्हणावीशी वाटते. पल्ला निम्मा इंजिनात असतो आणि निम्मा रस्त्यात. इंजिनाचा निम्मा भाग बाथ, त्शोपाऊ, कील्त्से आणि जपानच्या कारखान्यांनी सुधारून दिला. रस्त्याचा निम्मा भाग आपला होता, आणि वऱ्हाडात तो मागंच राहिला. आज बॅटरीवरची दुचाकी घेणारा शेतकरी ‘एका चार्जात किती जाईल?’ असं विचारतो. कागदावरचा आकडा गुळगुळीत रस्त्याचा असतो. आषाढातल्या पांदणीवर मागं पोतं बांधून तो निघत नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. तिच्यातून खडी-मुरूम पडलेला प्रत्येक किलोमीटर त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा पल्ला वाढवतो, मग ती पेट्रोलची असो की बॅटरीची. अमरावती-अकोल्याच्या ग्रामसभांनी हा हिशोब मागायला हवा: आपल्या गावच्या किती पांदणी या वर्षी पावसाळ्यात गाडीजोग्या झाल्या?