घरात न बोललेल्या गोष्टी

आमच्या लहानपणी आई महिन्यातून चार दिवस बाजूला बसे. का, म्हणून विचारले तर 'कावळा शिवला' एवढेच उत्तर मिळे. आम्ही तो कावळा अंगणात, कौलांवर, शेवग्याच्या झाडावर पुष्कळ दिवस शोधला. धाकटे भावंड कोठून आले, तर जुने लुगडे देऊन बोहारणीकडून घेतले. आजोबा कोठे गेले, तर देवाघरी. अशा अवघड गोष्टी मुलांशी बोलाव्यात कशा, असे आजचे आईबाप विचारतात. आणि विचारताना बहुधा असे धरून चालतात की, आपल्याकडे पूर्वीपासून या विषयाचा उच्चारच होत नव्हता. हे गृहीत जरा तपासून पाहावे, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

वस्तुतः उच्चार पुष्कळ होत होता. मुलीस न्हाण आले म्हणजे तिला मखरात बसवीत, शेजारणीपाजारणी ओटी भरीत, वाजंत्री लावीत आणि पुढे फलशोभनाचा मुहूर्त धरीत. गोष्ट साऱ्या आळीला कळे. ज्या मुलीची ती गोष्ट, तिला मात्र तिचा अर्थ कोणी सांगत नसे. सांगितलाच तर सासरची एखादी वडीलधारी बाई सांगे, आणि तोही अर्ध्या वाक्यात. मुलीचे वय दहा, अकरा, फार तर बारा.

१८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाची अशीच दहाअकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संगाने झालेल्या इजेमुळे मरण पावली. त्या वेळच्या कायद्यात संमतीचे वय दहा होते, म्हणून पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. लहानशा शिक्षेवर तो सुटला. त्यानंतर संमतीचे वय बारा करण्याचे बिल आले आणि महाराष्ट्रात जो वाद पेटला तो सर्वांस ठाऊक आहे. लोकमान्यांनी 'केसरी'तून सरकारी हस्तक्षेपास विरोध केला, रानडे व तेलंग बिलाच्या बाजूने उभे राहिले, डॉ. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार काढून दाखविले. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. त्या काळचे वाङ्मय चाळताना एक गोष्ट आमच्या मनात राहिली. गर्भाधान, ऋतुप्राप्ती, स्त्रीच्या शरीराची वाढ या विषयांवर थोर विद्वान पुरुष उघड वर्तमानपत्रांत लिहीत होते. भिडेचा मागमूस नव्हता. म्हणजे समाजास हा विषय बोलवत नव्हता असे नाही. तो मुलाशी बोलवत नव्हता.

पुढे लग्नाचे वय वाढत गेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीस चौदा व मुलास अठरा ही मर्यादा घातली. १९७८ साली ती अठरा आणि एकवीस झाली. ही सुधारणा झाली हे फार चांगले झाले. परंतु तिच्या पोटी एक नवी अडचण जन्मास आली, तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. न्हाण येणे आणि लग्न होणे यांत आता काही वर्षांचे अंतर पडले. मखर गेले, सासरची बाईही गेली. ती अर्धे वाक्य तरी सांगत होती. त्या मधल्या वर्षांत मुलगा असो वा मुलगी, राहत होती आईबापांच्याच घरी. सांगण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते पत्करले नाही.

मग हे पोरके प्रश्न गेले कोठे? त्यांतले पुष्कळ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या टपालात गेले. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा गणिताचा प्राध्यापक होता. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी नोकरीवर पाणी सोडले, आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. ते १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी चालविले. पत्नी मालतीबाईंनी या सगळ्यात साथ दिली. घरचा खर्च बराचसा त्यांच्या कमाईवर चाले. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे सदर होते. लिहिणारे मोठे झालेले लोक असत, पण प्रश्न बहुतेक असे की जे त्यांनी बाराव्या-चौदाव्या वर्षी घरीच विचारावयास हवे होते. हस्तमैथुनाने शक्ती जाते काय, हा त्यांतलाच एक. कर्वे दोनचार कोरड्या ओळींत, शास्त्राला धरून उत्तर देत. त्यांची भाषा आम्हांला कित्येकदा नको इतकी रोखठोक वाटते, आणि त्यांची सगळीच मते आम्हांला पटतात असेही नाही. पण जे घाबरून लिहीत त्यांची भीती ती उत्तरे घालवीत असली पाहिजेत. गंमत अशी की, कर्व्यांनी स्वतः विचारपूर्वक मूल होऊ दिले नव्हते. दुसऱ्यांच्या मुलांचे राहून गेलेले प्रश्न सोडविण्यात त्यांचा जन्म गेला.

१९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली दुसरा खटला झाला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. या वेळी बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांस उत्तर द्यावयाचे नाही काय, असा बचावाचा रोख होता. न्यायालयाने तो मानला नाही. दोनशे रुपये दंड ठोठावला.

यानंतरची सत्तर वर्षे आम्ही ओलांडून जातो, कारण घरापुरते त्यांत फारसे बदलले नाही. २००७ साली मात्र दोन गोष्टी एकदमच घडल्या. किशोरवयीन मुलांसाठी शाळांत योजिलेले लैंगिक शिक्षण चित्रे व भाषा यांवर गदारोळ होऊन महाराष्ट्रात थांबविण्यात आले. हे शिक्षण शाळेने नव्हे, घराने द्यावे, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. करणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी कोणाजवळ वाच्यता केली नव्हती. ज्या घराने शिकवावे म्हणून आम्ही म्हणत होतो, त्याच घरात ही मुले गप्प बसली होती.

२०१२ साली मुलांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, ज्यास सर्वजण 'पॉक्सो' म्हणतात, त्यात जबाबाची रीत घालून दिली आहे. पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी जबाब घ्यावा. आईबाप किंवा मुलाचा विश्वास असलेले माणूस जवळ असावे. आणि मूल बोलेल तसेच लिहून घ्यावे. मूल बोलेल तसेच. त्या खोलीत आई बसली आहे, बाप बसला आहे, साध्या साडीतली अधिकारी बाई लेखणी उघडून थांबली आहे, आणि आपल्या शरीराच्या ज्या भागाविषयी सांगावयाचे त्याला मुलाजवळ 'शेम शेम' याखेरीज शब्द नाही. तो शब्द त्याला आम्हीच शिकविला आहे.