सांगाडा आणि स्वार

सायकल बांधवून घेणारा प्रथम धातूची चौकशी करतो; आमच्या मतें प्रथम पाहावें तें स्वाराचें माप. जुन्या उंच सायकलींत चाकाचा आकारच पायांच्या लांबीवरून ठरे. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’मध्यें सांखळी मागचें चाक फिरवूं लागली, चाक त्या बंधनांतून सुटलें आणि मापाची जबाबदारी सांगाड्यावर आली. १८९७ सालीं बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स व हेविट यांनीं टोंकांशीं जाड, मध्यें पातळ अशा नळ्यांचें पेटंट घेतलें. सांध्यांपाशीं ताण अधिक, म्हणून पोलादही तेथेंच अधिक! पुढें टायटॅनियम व कार्बन आले. तथापि बैठक व हँडल यांतील अंतर अंगास जुळलें नाहीं, तर महागडा सांगाडाही पाठच दुखवितो. शिंपी कापड बेतण्याआधीं माप घेतो, हें विसरून कसें चालेल?