दाराशी आलेला रोगी

इस्पितळांचा इतिहास सांगायचा म्हटले म्हणजे आपल्याकडे बहुधा इमारतींचा इतिहास सांगितला जातो. कोनशिला कोणी बसवली, देणगी कोणी दिली, पहिली अवघड शस्त्रक्रिया कोणी केली, हे सारे संगमरवरी पाटीवर कोरलेले असते. पण इस्पितळाला एक दारही असते, आणि त्या दाराचा इतिहास कुठल्याच पाटीवर सापडत नाही. रात्री-अपरात्री, रक्ताने माखलेला, शुद्ध हरपलेला माणूस चौघांनी उचलून या दाराशी आणला, तर पुढे काय होते? त्याला आत घेतात, की ‘इथे नाही, तिकडे न्या’ म्हणून सांगतात? आज मला या दाराविषयी बोलायचे आहे. हकीकत शंभर वर्षांची आहे. ती मुंबईत सुरू होते आणि दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात एका वळणावर येते.

सन १८९६. सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असे निदान केले. सरकार हादरले, महापालिका हादरली, आणि ऑक्टोबरात रोग्यांना घरातून सक्तीने उचलून इस्पितळात नेण्याचे हुकूम निघाले. हे इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे, साथीच्या रोगांचे. पुढे त्याचेच कस्तुरबा रुग्णालय झाले. त्या दाराची लोकांनी किती धास्ती घेतली होती याची आज कल्पनाही करवत नाही. आत गेलेला माणूस सहसा परत येत नाही, हे तर डोळ्यांना दिसतच होते. कारण प्लेगवर त्या काळी औषध नव्हते. आणि दिसणाऱ्या गोष्टीला न दिसणाऱ्या गोष्टी लगेच चिकटतात. इस्पितळात रोग्यांना मुद्दाम मारतात, त्यांची मोमियाई काढतात, अशा वावड्या उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले.

आता, या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहा. घरातल्या आजारी बाईला परके पुरुष तपासणार, कुणाला न विचारता उचलून नेणार. मग ती कुठे आहे, कशी आहे, याचा घरच्यांना धड पत्ता नाही. उपचार ही एक गोष्ट आणि वागणूक ही दुसरी. रोग्याच्या लेखी मात्र दोन्ही मिळून एकच इस्पितळ असते. वागणुकीवरचा विश्वास उडाला की औषधावरचाही उडतो. पुण्यात पुढल्याच वर्षी रँडसाहेबाच्या अमदानीत गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, आणि त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कशात झाली, ते आपण जाणताच.

त्याच पुण्याच्या परिसरात, त्याच साथीत, एक वेगळे दारही उघडे होते. सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांना बोलावून घेऊन हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक मुलगा प्लेगने पडला आहे असे कळताच त्या स्वतः तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या संसर्गानेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग तोच, वर्ष तेच. औषध आर्थर रोडच्या डॉक्टरांपाशी नव्हते, तसे या माळावरही नव्हते. पण इथे रोग्याला कोणी धरून आणीत नव्हते. कोणीतरी त्याला आपले म्हणून आणीत होते.

यापुढची तीस-चाळीस वर्षे हळूहळू विश्वास बसण्याची आहेत. १९२६ साली परळला, गिरणगावाच्या ऐन वस्तीत, के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. तिथे भारतीय डॉक्टरच नेमावेत, अशी देणगीदारांची अट होती. ज्या गिरणी कामगारांच्या वाडवडिलांनी आर्थर रोडवर चाल केली, त्यांचीच मुलेबाळे आता आपण होऊन केसपेपर काढायला रांगेत उभी राहू लागली. ‘आम्हाला तिथे नेऊ नका’ हा आक्रोश मागे पडला. पण त्याच्या जागी, स्वातंत्र्यानंतरच्या वाढत्या शहरांतून, मोटारींच्या आणि लोकलगाड्यांच्या गर्दीतून, दुसराच आक्रोश ऐकू येऊ लागला. तो होता, ‘आम्हाला आत घ्या!’

दार का उघडत नसे? पहिले कारण कागदाचे. अपघात म्हटला की पोलीस आले, पंचनामा आला, जबाब आला, पुढे कोर्टाची तारीख आली. असल्या रोग्याला ‘मेडिको-लीगल केस’ म्हणत, आणि ती ठरावीक इस्पितळांनीच घ्यायची, अशी वहिवाट पडली होती. त्यामुळे जवळच्या डॉक्टरला वाटे, हात लावला तर आपण गुंतलो. रस्त्यावरच्या माणसालाही तेच वाटे. बघे पन्नास जमत. उचलायला दोघे पुढे होत नसत. त्यांना दगडाच्या काळजाचे म्हणावे, तर तेही खरे नव्हे. साक्षीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालण्याची भीती खोटी नव्हती.

या वहिवाटीचा बळी ठरलेल्या एका स्कूटरस्वाराची बातमी दिल्लीच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. मोटारीने त्याला उडवले. एका भल्या माणसाने त्याला उचलून जवळच्या इस्पितळात नेले. तिथे सांगण्यात आले की, असल्या केसेस आमच्याकडे घेत नाहीत. वीस किलोमीटरवर अमुक इस्पितळ आहे, तिकडे न्या. तो भला माणूस वेळ न दवडता निघाला. वीस किलोमीटर संपण्यापूर्वी स्कूटरस्वार संपला.

परमानंद कटारा या मानवी हक्कांच्या कार्यकर्त्याने ते कात्रण अर्जाला जोडले आणि सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्या. रंगनाथ मिश्र आणि न्या. जी. एल. ओझा यांनी निकाल दिला. तो असा, की जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य. मग तो डॉक्टर सरकारी असो की खाजगी. जखमी माणूस निरपराध आहे की गुन्हेगार, हे पाहण्याचीही गरज नाही. आधी उपचार, मग पोलिसांचे काम. घटनेच्या एकविसाव्या कलमाने जगण्याचा जो हक्क दिला, तो पाळण्याच्या आड कुठलाही कायदा, कुठलीही कार्यपद्धती येऊ शकत नाही. न्यायालयाने डॉक्टरांची बाजूही ध्यानात घेतली. गरज असल्याखेरीज त्यांना साक्षीला बोलावू नये आणि बोलावल्यास ताटकळत ठेवू नये, असे बजावले. आणि एक गोष्ट खास आपणांस सांगण्याजोगी आहे. हा निर्णय दूरदर्शनवरून आणि आकाशवाणीवरून लोकांपर्यंत पोहोचवावा, असेही न्यायालयाने म्हटले होते. न्यायमूर्तींना पुरते ठाऊक होते की, दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपला हक्क माहीत नसेल, तर निकाल कपाटातच राहतो.

निकाल तर लागला. पण दार उघडलं का? तीन वर्षांनंतरची एक रात्र पाहू.

८ जुलै १९९२. पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्टेशनात रात्री पावणेआठच्या सुमारास एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार, आत रक्तस्राव. गावच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या सरकारी इस्पितळात न्यायला सांगितले. सोबतच्यांनी त्याला कलकत्त्याला आणले. रात्री पावणेबाराला नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासले, कवटीचे दोन एक्स-रे काढले, ताबडतोब दाखल करा असे लिहूनही दिले. पण खाट रिकामी नव्हती. मग मेडिकल कॉलेजचे इस्पितळ, रात्रीचे बारा वीस: खाट नाही. शंभुनाथ पंडित इस्पितळ, एक वाजता: मेंदूच्या आणीबाणीचा विभाग नाही. नॅशनल मेडिकल कॉलेज, दोन वाजता: खाट नाही. दरम्यान एका खाजगी ठिकाणी १३१० रुपये मोजून स्कॅन काढून घेतला. सकाळी आठला बांगूर संस्थेत तो पाहून सांगण्यात आले की, केस तातडीची आहे. इथे होणार नाही. दहा वाजता एस. एस. के. एम. इस्पितळ: मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही.

चौदा तास आणि सात सरकारी दारे. शेवटी एका खाजगी इस्पितळाने त्याला घेतले. २२ जुलैपर्यंत तो तिथे होता. खर्च सुमारे सतरा हजार रुपये. शेतमजुराच्या घरात सतरा हजार रुपये म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पण माणूस जगला, आणि त्याची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. पश्चिम बंग खेत मजदूर समिती त्याच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेली.

या हकिकतीत एक बारकावा आहे, तो निसटू देऊ नये. त्या रात्री सातांपैकी एकाही ठिकाणी कोणी त्याला दुष्टपणे हाकलले, असे दिसत नाही. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी बरोबर होते. खाट नाही म्हणजे नाही; विभाग नाही म्हणजे नाही. पण सात बरोबर उत्तरे एकत्र आली आणि माणूस रस्त्यावर राहिला. कारण ‘मग खाट आहे कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर देणे हे कोणाचेच काम नव्हते. ते शोधायचे काम होते डोके फुटलेल्या माणसाचे आणि त्याच्या सोबत्यांचे. राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीनेही मग मार्ग सुचवला. शस्त्रक्रियेची तारीख घेऊन सवडीने येणाऱ्या रोग्यांच्या खाटा अशा वेळी उसन्या घ्याव्यात, ट्रॉलीवर ठेवावे, अगदीच वेळ आली तर जमिनीवर अंथरूण घालावे, पण परत पाठवू नये. आपल्याकडे पाहुणा आला नि पाट कमी पडले, तर आपण त्याला उंबऱ्यावरून परत पाठवतो का?

६ मे १९९६ रोजी न्या. एस. सी. अगरवाल आणि न्या. जी. टी. नानावटी यांनी निकाल दिला. सरकारी इस्पितळाने गरजू रोग्याला वेळेवर उपचार नाकारले, तर तो त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भंग होय. त्या शेतमजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी. पैसा नाही, ही सबब राज्याला सांगता येणार नाही. प्राथमिक केंद्रात निदान रोग्याला सावरण्यापुरती सोय असावी, जिल्ह्याची व तालुक्याची इस्पितळे सुधारावीत, रुग्णवाहिका असाव्यात. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, कोणत्या इस्पितळात खाट रिकामी आहे हे एका जागी कळावे, म्हणजे रोग्याला थेट तिकडेच धाडता येईल, अशी मध्यवर्ती व्यवस्था करावी. बाकीच्या राज्यांनीही याच वाटेने जावे, असेही न्यायालयाने सांगितले.

१८९६ ते १९९६. बरोबर शंभर वर्षे. त्यानंतरही पावले पडली आहेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येऊ लागली. अपघातग्रस्ताला इस्पितळात पोहोचवणाऱ्याची अडवणूक करू नये, त्याच्याकडे पैसे मागू नयेत, नाव सांगण्याचीही सक्ती करू नये, या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी शिक्कामोर्तब केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली. आपल्या राज्यातील धर्मादाय इस्पितळांनाही बंधन आहे. तातडीचा रोगी आला, तर त्याला दाखल करून आधी जीवरक्षक उपचार द्यायचे.

तरीही ‘आधी अनामत रक्कम भरा’ हे वाक्य अजून कानी पडते. अजून एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरवल्याच्या तक्रारी येतात. आणि दुसऱ्या बाजूने, संतापलेले नातेवाईक ड्यूटीवरच्या डॉक्टरवर हात उगारतात. २०१० साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. मार बहुधा बसतो तो शिकाऊ, रात्रभर जागलेल्या पोराला किंवा पोरीला. खाटा किती असाव्यात, हे त्यांनी ठरवलेले नसते. आर्थर रोडवरचा जमाव आणि आजचा जमाव यांच्यात एक साम्य आहे. आत काय चालले आहे हे बाहेरच्याला कोणी सांगत नाही, तेव्हा भीतीचा राग होतो.

म्हणून दोन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. तातडीचा रोगी दाराशी आला की त्याला तपासणे आणि सावरणे हे इस्पितळाचे कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. आणि पुढे पाठवायचेच असेल, तर आधी सावरून, कुठे जायचे ते ठरवून, कागदावर लिहून पाठवायला हवे. तो कागद मागून घ्यावा. मथुरापूरच्या शेतमजुराचा खटला उभा राहिला, तो कुठल्या दारी किती वाजता काय उत्तर मिळाले, हे नीट सांगता आले म्हणूनच.