दिवसाचा दिवा आणि गंजलेली अर्थिंग

आजचा एपिसोड एका मिणमिणत्या बल्बच्या निमित्तानं.

माझ्या जुन्या गाडीचा डावा डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारा पुढचा दिवा, अगदी मंद झाला होता. नांदेडच्या एका गॅरेजात नवा बल्ब टाकला, तरी तेच. मग प्लग काढून मीटर लावला, तर व्होल्टेज पूर्ण! निकाल लागला: "सप्लाय ओके आहे, अख्खी असेंब्ली बदला." म्हणजे काही हजारांना फोडणी.

पण मराठवाड्याच्या भर उन्हात हा दिवा हवाच कशाला? त्याचं मूळ उत्तर युरोपात आहे. तिथं हिवाळ्यात दिवस लहान, उजेड अंधूक. दिवा लावायचा तो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाही, तर आपण समोरच्याला दिसावं म्हणून. स्वीडननं १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावणं सक्तीचं केलं. २०११ पासून युरोपीय संघात कारच्या नव्या मॉडेलांना डीआरएल बंधनकारक झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट आपोआप लागायला लागला. "ओ भाऊ, लाईट चालूय!" असं हातानं खुणावणारे आठवतात ना? तो हाच बदल.

दिवा नवा, पण त्याची वायरिंग जुन्या विचारावरच. गाडीत प्रत्येक दिव्याला बॅटरीपासून दोन वायरी ओढायच्या नाहीत. एक प्लसची ओढायची, परतीची वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. हीच अर्थिंग. ॲम्बेसेडरमध्ये हेच होतं, आजही बहुतांशी तेच आहे.

म्हणून मी ॲम्बेसेडरच्या काळातल्या एका इलेक्ट्रिशियन मामांकडे गेलो. त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी. एक टोक प्लगच्या प्लसला, दुसरं प्लगच्याच अर्थला: बल्ब मंद. मग दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला: लख्ख!

"बल्ब बरा हाय, सप्लाय बी बरा हाय. अर्थ खराब हाय," मामा म्हणाले.

मग मीटर का फसला? मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा गंज उघडा पडतो. मीटरनंही हे पकडता येतं, पण दिवा चालू ठेवून. दिव्याची अर्थ आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये मोजा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थवर संशय घ्या. माझ्याकडं ३ निघाले!

बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, घट्ट आवळला. झालं काम.

दोन सूचना. इंडिकेटर देताना त्या बाजूचा डीआरएल मंद होत असेल, तर बऱ्याच गाड्यांत तो बिघाड नसतो, तशी रचनाच असते. आणि एलईडी किंवा कंप्युटरवरच्या लाइनला असा बल्ब लावू नका. तिथं मीटरच बरा.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालो, दोन्ही डोळे उघडे ठेवून. म्हणजे गाडीचेही! तुम्हाला कुणी असेंब्ली बदला म्हणालं, तर एवढंच विचारा: "दिवा चालू ठेवून अर्थ तपासली का?"

भेटू पुढच्या एपिसोडला.