कोम अल-शुकाफा

ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराच्या कर्मूझ भागातील रोमनकालीन भूमिगत दफनस्थान. १९०० मध्ये जमीन खचून एक गाढव आत पडले आणि या दफनस्थानाचा शोध लागला, असे सांगतात. खडकात एकाखाली एक असे तीन मजले कोरलेले असून सर्वांत खालचा मजला दीर्घकाळ पाण्याखाली होता. विहिरीसारख्या खोल कूपाभोवती गोल जिना उतरतो. शवे याच कूपातून दोरांनी खाली सोडीत. पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्या शतकात येथील खोदकाम सुरू झाले आणि चौथ्या शतकापर्यंत येथे दफने होत राहिली.

येथील कलेला ईजिप्शियन, ग्रीक व रोमन शैलींची सरमिसळ म्हणण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात प्रत्येक परंपरेला येथे ठरावीक काम दिलेले दिसते. मुख्य कबरीच्या दर्शनी भागातील स्त्री-पुरुषांच्या पुतळ्यांची उभे राहण्याची ढब ईजिप्शियन, तर चेहरे व केशरचना रोमन आहेत. मृताची ओळख रोमन वळणाने सांगितली असली, तरी त्याचा परलोकप्रवास ईजिप्शियन देवांकडे सोपवला आहे. द्राक्षांचे घोस, पुष्पमाला आणि मेडूसाची मुखे शवपेटिकेच्या बाह्यांगावर आहेत. तिच्यामागील भिंतीवर मात्र होरस व थॉथ यांच्या साक्षीने अन्यूबिस शवाची ममी करीत आहे. वरच्या मजल्यावर ज्या कक्षात मृतांच्या स्मरणार्थ भोजने होत, तो रोमन पद्धतीचा आहे.

कारागिरांना ईजिप्शियन धर्म कळतच नव्हता, ही केवळ सजावट होय, असा आक्षेप घेतला जातो. ममीकरणाच्या दृश्यातील मंचकाखाली आंतरावयवांचे चारऐवजी तीनच कलश आहेत आणि दाराजवळचा अन्यूबिस रोमन सैनिकाच्या चिलखतात आहे, हे खरे. परंतु कलशांची चूक तपशिलाची आहे. ममीकरणाचे दृश्य नेमके शवाच्या जागीच योजले आहे. चिलखतही निरर्थक नाही: दाराशी रक्षक हवा आणि त्या काळी रक्षकाचा वेश रोमन सैनिकाचाच होता. शेजारच्या कबरींतील चित्रे हा तर्क बळकट करतात. तेथे ईजिप्शियन देव ओसायरिसचे ममीकरण आणि ग्रीक देवी पर्सेफनीचे अपहरण एकाखाली एक रंगवली आहेत. मृत्यू व पुनरागमन यांच्या या दोन कथा एकमेकींत न मिसळता शेजारी मांडल्या आहेत. दोन्हींचा अर्थ जाणणाऱ्यालाच अशी मांडणी सुचते. म्हणून कोम अल-शुकाफा हा ईजिप्शियन कलेच्या ऱ्हासाचा नव्हे, तर बहुभाषिक नगरातील जाणत्या धार्मिक निवडीचा पुरावा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.