वृत्तीचा दोष की बाजाराचा?

बीडसारख्या जिल्ह्यातल्या वंचितांच्या अर्थकारणाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं. महामंडळं झाली, अनुदानं झाली, पण या लोकांत धंद्याची वृत्तीच नाही. जोखीम नको असते आणि हिशेब जमत नाही. असं म्हणणारे सगळेच वाईट हेतूचे नसतात. थकलेली कर्जं आणि बंद पडलेली दुकानं त्यांनी खरोखरच पाहिलेली असतात. म्हणूनच या मताचं नीट खंडन व्हायला हवं.

आधी जोखीम पाहू. केज तालुक्यातल्या नांदूरघाटाचा टापू ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या टोळ्या कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कित्येकदा लाखाच्या घरात असते आणि ती टनाच्या भावाने फेडायची असते. खाडा पडला की दंड, आणि हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पाऊस, आजारपण, कारखान्याचा हंगाम यांतलं काहीच हातात नसताना जो सहा महिन्यांची मेहनत आगाऊ विकतो, त्याला जोखमीचं वावडं आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मुकादम सातबारा मागत नाही, कारण त्याच्या लेखी कोयताच तारण असतो. त्याच जोडप्याने गावात पिठाची गिरणी टाकायचं ठरवलं तर तारण आणि जामीनदार कुठून आणायचा, इथपासून अडतं. २०१६ची 'स्टँड अप इंडिया' योजना अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि महिलांसाठी होती, पण तिचं कर्ज सुरूच व्हायचं १० लाखांपासून. मजुरीसाठी पत आहे, मालकीसाठी नाही. ही व्यवस्थेची रचना आहे. तिचं खापर स्वभावावर फोडता येणार नाही.

भांडवल मिळालं तरी प्रश्न संपत नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९१७-१८च्या सुमारास मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. ज्ञान होतं, वृत्ती होती. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासं झालं आणि व्यवसाय बंद पडला. साधारण त्याच काळात कोल्हापुरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. तिथेही सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. तेव्हा शाहू महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे चहा घ्यायला जाऊ लागले आणि हॉटेल चाललं. आंबेडकरांची विद्वत्ता जे करू शकली नाही ते इथे राजाच्या एका कप चहाने केलं. धंदा मालकाच्या गुणांवर उभा राहतो, पण तगतो गिऱ्हाइकाच्या विश्वासावर. आणि आपल्याकडे हा विश्वास जातीने वाटलेला आहे. बाजाराची ही बाजू ताळेबंदात उमटत नाही.

दुसऱ्या बाजूनेही एक आक्षेप येतो. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. त्यानंतर दलित कोट्यधीशांचा जो गौरव सुरू झाला, तो मूठभरांच्या यशाने बहुसंख्यांची दैना झाकतो, असं गोपाळ गुरू यांच्यासारख्या विचारवंतांनी दाखवलं. आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो मोजपट्टी बदलण्याचा. किती कोट्यधीश झाले यापेक्षा किती कोयते फडावरून कायमचे परतले, हे मोजा. उद्योगाची वाटच सोडून द्या असा त्याचा अर्थ होत नाही. ही वाट नवी नाही; लहान शेतीवर उपाय म्हणून औद्योगिकीकरण सुचवणारा आंबेडकरांचा निबंध १९१८चाच आहे.

तेव्हा वृत्ती घडवणाऱ्या शिबिरांवरचा भर कमी करावा आणि छोट्या रकमेचं विनातारण कर्ज गावापर्यंत न्यावं. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदीची तरतूद आहे. तसाच दंडक पंचायत समितीपासून गावच्या शाळेपर्यंत लागू व्हावा. शाहू महाराजांनी एका हॉटेलासाठी जे केलं, ते आज सार्वजनिक खरेदीने शेकडो दुकानांसाठी करता येईल. आणि वाचकहो, आपल्या गावातली अशी दुकानं आपल्याला ठाऊक असतात. तिथे गिऱ्हाईक म्हणून जायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही.